अप्पांचा व्हय म्हाराजा

अप्पा खाजेवाल्यांनी सावंतवाडीला तंबूत एक इंग्रजी सिनेमा पाहिला आणि पुढे महिनाभर तो मालवणच्या बाजारात फुकट सांगितला. विलायतेतला एक दुकानदार मुलींना बिनपगारी राबवतो, आणि थोरली शेवटी दुकानातल्याच कारागिराशी लग्न करून मोकळी होते. सांगताना अप्पांना हसू आवरत नसे. "बापसाचा लक्ष खंय होता?" ते विचारत. "माझ्या घरात असा घडूचा नाय."

घरात त्यांची लेक हिरा होती. अठ्ठाविशी उलटली तरी गल्ल्यावर तीच. आत कारागीर गुणाजी गुळाच्या पाकात खाजं घोळवी. हिराला आलेल्या प्रत्येक स्थळात अप्पांना खोट सापडे. खरी खोट एकच, ती गेल्यावर दुकान कोण बघणार. हे साऱ्या गावाला कळत होतं, अप्पांना सोडून.

अप्पांना दुसरा अभिमान आवाजाचा. गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो तेव्हा प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, आणि ते म्हणावं तर अप्पांनीच.

जत्रेत दुकान मांडलं. नारळ पुढे ठेवून गुरव महादू गाऱ्हाणं घालू लागला. अप्पांचे हात जोडलेले, डोळे गिऱ्हाइकांवर.

"धंद्याक बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर असात ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिराचा लगीन ह्या गुणाजीवांगडा निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अप्पा गरजले. बाकी सगळे गप्पच होते, त्यामुळे तो आवाज पार देवळाच्या पायरीपर्यंत गेला.

"माका आयकाकच येवक नाय," अप्पा पुटपुटले.

"देवाक आयकाक इला," म्हणून महादूने नारळ फोडला.

हिरा खाली मान घालून म्हणाली, "अप्पा, तुमका दोनदा इचारलंय. दोनय वेळा तुमी गुळाचो भाव सांगत बसलास."

अप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला बापाशी बोलायला गुरव लागला, याची त्यांना मनस्वी लाज वाटली. त्यात खाजं घ्यायला आलेल्या काशीबाईंनी साळसूदपणे विचारलं, की अप्पानू, त्या सिनेमातल्या बापसाचा पुढे काय झाला? अप्पांनी खाज्याची पुडी बांधली.

लग्नात महादूने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. अप्पांनी या खेपेला शब्दन् शब्द नीट ऐकला आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू, 'व्हय म्हाराजा' म्हटलं.