धाऊबुवांचं अळणी व्रत

धाऊबुवांना स्वतःच्या पायाचे अंगठे दिसेनासे होऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. अंगठे बघायचे ते भक्तांनी. पाया पडताना त्यांना ते दिसतच होते. चौक गावाच्या आसपास कुठेही सप्ताह असला की कीर्तनाला धाऊबुवाच लागत, आणि कीर्तन संपलं की कुणाच्या ना कुणाच्या घरी पान वाढलेलं असे. बुवा खादाड मुळीच नव्हते. पण तुळशीचं पान ठेवून समोर आलेल्या ताटाला नको म्हणणं म्हणजे देवाला दारातून परत पाठवणं, असं त्यांचं ठाम मत होतं. बावीस वर्षांत त्यांनी देवाला एकदाही परत पाठवलं नव्हतं.

अडलं ते गेल्या हनुमान जयंतीला. काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. गोपाळांचा खेळ सांगता सांगता बुवांनी उपरणं कमरेला बांधलं, पहिली गिरकी घेतली, दुसरी घेतली, आणि तिसरीच्या मध्यावर दम संपला. तोंड उघडं, आवाज नाही. पखवाजी गजानं प्रसंग ओळखून गजर उचलला, बुवांना खांबाला टेकवलं, आणि हंडी फुटली ती पाटलांच्या काठीनं.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. पण यंदा फाल्गुन लागताच सप्ताहाचा कारभार बघणारे नागू पाटील घरी आले. पाणी पिऊन झाल्यावरही तांब्या हातात फिरवत बसले.

"बुवा, औंदा काल्याला दुसरा कुनी बगू का? तुमाला तरास नको."

"औंदा मीच उभा राहीन, पाटील."

"आन मधीच बसलात तर?"

"तर पुन्ना कीर्तनाला उभा राहनार नाय."

पाटील गेले. आतून बुवांच्या पत्नी गौराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बोललात खरं. ओटा चढताना दोनदा थांबता तुमी."

"देव बघून घेईल गं."

"देवानं लई बघितलं. कळंबच्या पुढं नदीकाठाला आनंदीबाईंचा आश्रम हाय. नुसती माती आन भाजी देऊन बरं करत्यात. उद्याच्या एसटीनं निघायचं."

"मी काय आजारी हाय?"

"नाय. म्हनून तर आत्ता जायचं."

आनंदीबाई साठी ओलांडलेल्या होत्या. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी त्या उजाड माळावर दहा खोल्या बांधल्या होत्या आणि झाडं लावली होती. सगळ्यांच्या आधी त्या उठत, सगळ्यांच्या नंतर जेवत, आणि रोग्यांच्या पोटावरची मातीची फडकी स्वतः नदीवर धूत. ते पाहून बुवा पहिल्याच दिवशी मनात शरमले. आपण बावीस वर्षं उभं राहून जे सांगतो, ते ही बाई एक शब्द न बोलता करते आहे. त्यांनी ठरवलं, इथं सांगतील ते ऐकायचं.

आणि त्यांनी ऐकलं. पहाटे दवात अनवाणी चालले. पोटावर ओल्या मातीचा लेप घेऊन आंब्याखाली अर्धा तास डोळे मिटून बसले. दुपारपर्यंत मौन पाळलं. जेवणाला उकडलेला दुधी आणि नाचणीची एक भाकरी.

"बाई, मीठ?"

"दुधीत आहे तेवढं पुरे."

चौथ्या दिवशी सोमीनं त्यांना पाहिलं. सोमी वरच्या ठाकूरवाडीतली, आश्रमाच्या भाजीच्या वाफ्यांवर कामाला होती. बुवांना तिनं जत्रेत ऐकलं होतं. आता ते अंगाला माती लावून, डोळे मिटून, झाडाखाली बसलेले. ओठ तेवढे हलताहेत. संध्याकाळी ती कळंबात भाजी पोचवायला गेली आणि जे पाहिलं ते सांगून आली. तिनं पदरचं काहीच घातलं नाही. अनवाणी चालतात, बोलत नाहीत, माती लावून बसतात, मिठाला शिवत नाहीत. एवढं ऐकल्यावर पुढचं सांगायची गरजच नव्हती. बुवांनी अळणी व्रत धरलंय, हे कळंबातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी मौन सुटायच्या वेळेला सहा बायका झाकलेली ताटं घेऊन आंब्याखाली हजर. पुढे धोंडूबाई, पोलीसपाटलांची आई.

"बुवा, तुमच्या व्रताला बाध येईल असं काय बी आनलं नाय. मिठाचा कन नाय. घरात इचारा."

बुवांनी झाकणं काढली. धोंडूबाईंचा शब्द खरा होता. पुरणपोळी, शेवयांची खीर, लापशी, शिरा, नारळाच्या वड्या, घारगे. व्रत मोडू नये म्हणून गावानं सगळं गोडाचंच केलं होतं. आणि प्रत्येक ताटावर तुळशीचं पान.

"अवं, मी इथं..." बुवांनी सुरुवात केली.

"दोनच घास घ्या. घरात सून गरवार हाय, तुमचा आशीर्वाद लागू दे."

बुवांनी दोन घास घेतले. सहा ताटं, म्हणजे बारा. दुसऱ्या दिवशी अकरा ताटं आली, तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून बैलगाडी. खिरीचा टोप मांडीवर धरून एक म्हातारी दीड कोस आली होती. तिला कोण परत पाठवणार?

शनिवारी वजन. भाताची पोती तोलायच्या काट्यावर आनंदीबाईंनी बुवांना बसवलं, वजनं चढवली, उतरवली, परत चढवली.

"बुवा, आल्या दिवसापेक्षा तुम्ही दोन किलो जास्त भरताय. दुधीनं एवढं अंग धरलेलं मी अजून पाहिलं नाही."

देवासमोर उभं राहून लोकांना खरं बोला म्हणणारा माणूस. बुवांनी सगळं सांगून टाकलं, धोंडूबाईच्या घारग्यांसकट.

"इथला नियम तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरचं खाल्लं की त्याच दिवशी गाठोडं बांधायचं."

"काढू नका, बाई. काल्याला नाय उभा राहिलो तर माझं कीर्तन सुटलं. मग माझं ऱ्हातं काय?"

आनंदीबाईंनी काट्यावरची वजनं एकेक करून उतरवली.

"तुम्हाला नको म्हणताच येत नाही?"

"देवाच्या ताटाला? नाय येत."

"मग नको म्हणू नका. पण देवानं किती चालायचं आणि तुम्ही किती, ते एकदा ठरवा."

बुवा रात्रभर विचार करत पडले, आणि सकाळी ताटं आली तेव्हा हात जोडून उभे राहिले.

"बायानो, तुमी ऊन माथ्याव घेऊन देवाला माझ्याकडं आनता, आन मी बसून खातो. हे बरं दिसत नाय. उद्यापासून मीच तुमच्या दारात येनार, अनवानी. पन घेईन ते तुळशीच्या पानाव मावंल तेवढंच. बाकीचं घरातल्या पोरांनी खायाचं."

बुवा आपल्या दारात येणार, हा मान ताटापेक्षा मोठा होता. पहिल्या दिवशी कळंबातली बारा घरं झाली. मग खालच्या आळीनं विचारलं, आमी काय पाप केलंय? मग नदीपलीकडच्यांनी. मळ्यात राहणाऱ्या एकट्या घरानं तर अर्ध्या कोसासाठी निरोप धाडला. बरोबर आनंदीबाई असत आणि तुळशीचं पान मोठं निघालं तर बदलून देत. बारा दिवस असे गेल्यावर एका सकाळी सोमी पुढे आली.

"बुवा, आमच्या वाडीव कुनी बुवा कंदी आला नाय. पन आमच्याकडं गोड काय नाय."

"मग काय हाय?"

"चढ लई हाय."

पहिल्या दिवशी त्या चढावर बुवा सात वेळा बसले. आनंदीबाई काठी टेकत पुढे चालल्या होत्या. मागे वळून बघत नव्हत्या.

"बुवा, नाम मोठ्यानं घ्या. ऐकू आलं नाही की मी थांबेन."

बाईंना उन्हात थांबवायचं जिवावर येई, म्हणून बुवा गात चढत. वर उकडलेले कंद आणि नाचणीची आंबील. बुवांनी भजन धरलं की वाडीतल्या बाया मागून ध्रुपद उचलत. डोईवर मोळी घेऊन रोज तोच चढ चढणाऱ्या बाया त्या. त्यांचा सूर मध्ये तुटत नसे. तिथे पानाचा नियम चालेना, आणि बाईंनीही चालवला नाही. एक घर झालं की दुसरं बोलावी, वाडी संपली की पलीकडली वाडी. शेवटच्या आठवड्यात बुवा चढावर एकदाच थांबले, तेही मोळीवाल्यांना वाट द्यायला.

काट्यानं नऊ किलो कमी दाखवले. आनंदीबाई एवढंच म्हणाल्या, "दुधी लागू पडला."

हनुमान जयंतीला चौकच्या मांडवात बुवा उभे राहिले ते नव्या माणसासारखे. बायकांच्या बाजूला गौराबाई, त्यांच्याशेजारी आनंदीबाई, आणि मागे पहाटेच्या एसटीनं आलेली सोमी आणि वाडीतल्या दहाबारा बाया. नागू पाटील काठी घेऊन हंडीखालीच उभे होते. न जाणो, लागली तर.

बुवांनी गोपाळांचा खेळ मांडला. एक गिरकी, तीन, सात. दम जिथल्या तिथे. आनंदानं त्यांचं भान हरपलं. लय चढवली, आणखी चढवली. चेंडू झाला, हुतूतू झाला, फुगडी झाली. सूर्य डोक्यावर आला. पहिला टाळकरी कोपऱ्यात जाऊन बसला. पाठोपाठ दुसरा. तिसऱ्यानं चौथ्याच्या खांद्यावर मान टाकली आणि दोघे मिळून खाली आले. मग पखवाजाची एक थाप चुकली, दुसरी पडलीच नाही. गजा पखवाजावरच आडवा झाला होता. बुवांनी ध्रुपदासाठी मागे हात केला तर मागे कुणी उभंच नव्हतं.

ध्रुपद उचलायला माणूस नाही म्हणजे कीर्तन तिथेच थांबलं. नागू पाटलांनी काठी सरसावली.

तेवढ्यात बायकांमधून सूर आला. सोमीनं उचलला होता, बसल्या जागेवरून, आणि तो संपायच्या आत वाडीतल्या सगळ्या बायांनी धरला. आजवर चौकच्या मांडवात कीर्तनकाराच्या मागे बाईमाणूस उभं राहिलं नव्हतं. आनंदीबाई उठल्या, पडलेल्या टाळकऱ्याच्या गळ्यातले टाळ काढून घेतले आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे सोमी, तिच्यामागे बाकीच्या. पाटील काही बोलणार होते, पण गौराबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

अर्धी घटका मांडव नुसता दुमदुमत होता. एकीचाही दम कमी पडला नाही. आणि त्या गजरात धाऊबुवांनी उडी घेतली. जमिनीपासून चांगली हातभर वर. हंडी फुटली, दही सगळ्यांच्या अंगावर आलं. बुवांनी सगळ्यात आधी वळून पाठीमागच्या बायांच्या पायांना हात लावला.

लोक काल्यासाठी पुढे रेटत होते. खांबाला टेकवलेल्या गजाला कुणी उपरण्यानं वारा घालत होतं. आनंदीबाई टाळ परत करायला आल्या तशी त्यानं त्यांचा पदर हलकेच धरला.

"बाई," तो दम खात म्हणाला, "तुमच्या आश्रमात यायचं तर किती वाजता यायचं असतं?"

"पहाटे पाचला. एकटा येणार?"

गजानं कोपऱ्यात आडव्या पडलेल्या टाळकऱ्यांकडे पाहिलं आणि बोटांवर मोजायला लागला.