पस्तीस टक्क्यांचा आठवडा

हर्नियाच्या ऑपरेशनआधी हृदयाची इको तपासणी करून घ्या, असं सर्जनने सांगितलं, म्हणून सहदेव तांबे रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात अरुंद टेबलावर आडवे झाले. वजन एकशे सोळा किलो. टेबल करकरलं. कोल्हापूरहून दर रविवारी येणाऱ्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टर त्या दिवशी आल्या नव्हत्या. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीला थंडगार जेली फासली आणि यंत्राचा दांडा इथे दाब, तिथे दाब असं सुरू केलं. पडद्यावर धुक्यातल्या भाट्याच्या खाडीसारखं काहीतरी हलत होतं.

"नीट दिसत नाही हो. चरबी फार आहे," ते घाम पुसत म्हणाले.

"ती आमच्या घराण्यातच आहे," सहदेवांनी सांगितलं.

शेवटी डॉक्टरांनी त्या धुक्यातच चार खुणा केल्या आणि यंत्रातून कागद बाहेर आला. हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद पस्तीस टक्के.

"पस्तीस म्हणजे पास ना?" सहदेवांनी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. "निरोगी माणसाची पंचावन्नच्या वर असते. ऑपरेशन तूर्त नको. पुढच्या रविवारी मॅडमना दाखवा. तोवर मीठ नको, दगदग नको, आणि यांच्या मनाला लागेल असं कुणी काही बोलू नका."

हे शेवटचं वाक्य सोबत आलेल्या सहदेवांच्या बायकोने, चंपाने, पक्कं लक्षात ठेवलं. घरात अळणी पेज आणि दुधी सुरू झाला. टीव्हीचा आवाज गेला. मंगळवारी सहदेवांची धाकटी बहीण मालन संगमेश्वरहून कपड्यांची बॅग घेऊन राहायला आली आणि दारातच डोळे पुसून आत शिरली. सहदेव काहीही बोलले तरी सगळे "बरं" म्हणत. एवढा मान त्यांना जन्मात मिळाला नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त घाबरले. दुपारी पडल्या पडल्या ते स्वतःचे ठोके मोजत. मुलगी स्वप्ना डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होती. तेवढं तरी पाहायला मिळेल का, हे कुणाला विचारायचं?

बुधवारी त्यांनी ठरवलं, जायचंच तर पोटात काही ठेवून जायचं नाही.

"मालन," ते म्हणाले, "तू दर वर्षी कोलंबीचं लोणचं पाठवतेस ना, ते मी वीस वर्षं मांजराला घालतोय."

मालनचा चेहरा उतरला. तिने तोंड उघडलं, एवढ्यात चंपाने मागून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून मान हलवली. मालनने तोंड मिटलं. "बरं, दादा."

सहदेवांना एकदम हलकं वाटलं. गुरुवारी कचेरीतले साहेब शहाळं घेऊन भेटायला आले.

"साहेब, तुमच्या मसुद्यात क्रियापद कुठे असतं? मी हेडक्लार्क झाल्यापासून शोधतोय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग "आराम करा" म्हणून निघून गेले, शहाळ्यासकट.

शुक्रवारी चंपाची पाळी आली. "तुला गाता येत नाही गो. महिला मंडळाच्या कार्यक्रमात मी बाहेर थांबायचो, तो काय स्कूटरवर लक्ष ठेवायला नाय."

चंपाने त्यांच्या अंगावर चादर घातली. जरा जोरातच घातली.

रविवारी डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी सहदेवांना डाव्या कुशीवर वळवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला, श्वास सोडून थांबायला सांगितलं. बरगड्यांच्या फटीतून, पोटाच्या बाजूने, वीस मिनिटं जागा शोधली. मग तीनदा मोजलं. अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ.

"हृदय चांगलं आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

सहदेव उठून बसले. "मग पस्तीस कुणाचं?"

"कुणाचंच नाही. चरबीच्या थरातून आवाजाच्या लहरी नीट पोचत नाहीत. हृदयाची कड दिसली नाही की अंदाजाने खूण होते, आणि खूण सरकली की आकडा सरकतो. त्या कागदावर खाली लिहिलंय बघा, चित्र अस्पष्ट, पुन्हा तपासावे."

तळाची ती ओळ घरातल्या कुणीच वाचली नव्हती. जन्मभर लोकांचे अर्ज तळापर्यंत वाचणाऱ्या हेडक्लार्कनेही नाही.

"माझाही आकडा चार-पाचने इकडेतिकडे होईल," मॅडम म्हणाल्या. "पण काळजीचं कारण नाही. ऑपरेशन करून घ्या. वजन मात्र खरोखरच कमी करा, त्याला काटा पुरतो."

"साठ म्हणजे फर्स्ट क्लास," सहदेव पुटपुटले आणि जेलीवरच शर्ट घालून बाहेर आले. ऐकल्यावर चंपा बाकावर बसली आणि हमसून रडली. मालनने भावाच्या पाठीवरून हात फिरवला. घरी वाट बघणाऱ्या स्वप्नाला फोन झाला. आठ दिवसांत पहिल्यांदा सहदेवांना पोटभर श्वास घेता आला.

मग चंपाने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पुन्हा आत डोकावली.

"मॅडम, यांच्या मनाला लागेल असं काय बोलू नका, म्हणून सांगितलेलं. ते आता?"

"आता काही बंधन नाही. बोला की."

"ताई," चंपा बाहेर येऊन नणंदेला म्हणाली, "चालतंय म्हणतात."

मालनने रिक्षा थांबवली आणि आत सरकून बसली. "दादा, तू मधी बस."

सहदेव कसेबसे दोघींच्या मध्ये मावले. रिक्षा सुरू व्हायच्या आधीच डावीकडून मालनने आणि उजवीकडून चंपाने एकदम तोंड उघडलं. घर यायला वीस मिनिटं होती. सहदेवांचं हृदय सगळा वेळ अगदी व्यवस्थित चाललं होतं.