व्हाळावरचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत कोंबडा आरवतो, पण जाग येते ती बाबीकाकांच्या गाऱ्हाण्याने. लोक देवळात गाऱ्हाणं घालतात. हा माणूस व्हाळावर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, उभा राहून घालतो. खांद्यावर पंचा, हातात खराटा.

"बा देवा म्हाराजा! काल भिकल्यान कोंबड्यांची पिसां परत व्हाळात सोडल्यान. तेका बरी बुदी दी रे म्हाराजा!" साथीला कोणी नसल्यामुळे "व्हय म्हाराजा!" हेही स्वतःच.

नावासकट हो! मोरीच्या पाण्यापायी एकदा आमच्या सासूबाईंचं नाव निघालं. "मेल्याक दुसरो धंदो नाय!" म्हणत त्या दिवसभर धुसफुसत होत्या. मीही चिडले. व्हाळ काय ह्यांच्या एकट्याचा? पण लगेच मोरीच्या तोंडाशी शोषखड्डा खणून घेतला, कडेने अळू आणि कर्दळ लावली. देवापुढे रोज नाव निघणं कोणाला परवडतंय! त्यात कोणीतरी गाऱ्हाण्याचा व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला, आणि मुंबईच्या चाकरमान्यांचे घरोघरी फोन सुरू झाले. भिकल्याने तर पिसं पुरायला परसात खड्डा मारला.

काकांचा हा आटापिटा कशासाठी, ते वाडीला ठाऊक होतं. त्यांची बायको, सुमाकाकी, अर्धांगाने खाटेला खिळलेली. जन्मभर तिने ह्या व्हाळावर कपडे धुतले. आता तिचं एकच मागणं, धुण्याच्या दगडावर बसून पाण्यात पाय सोडायचे. पण त्या काळ्या, घाणेरड्या पाण्यात? डॉक्टरांनी हात जोडले. "हिका व्हाळार न्हेतलंय," काका म्हणायचे, "पण पयलो व्हाळ बरो करतंय."

मग सासूबाईंनी उट्टं काढलं. काकांच्याच नव्या न्हाणीघराचा पाइप झुडपांच्या जाळीआडून थेट व्हाळात उतरलेला त्यांनी शोधून काढला! गवंड्याने परस्पर टाकलेला, काकांना पत्ताच नाही. दुसऱ्या सकाळी अख्खी वाडी काठावर हजर. आता हा तोंड कुठे लपवतो ते बघायला.

काका आले. घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! ह्या बाबीन, ह्या गाढवान, आपलीच घाण तुज्या व्हाळात सोडल्यान! जगाक शिकवता नि सोताचा दिसना नाय! तेका अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. काकांनी तिथल्या तिथे पाइप उपटला. आणि काय झालं देव जाणे, सासूबाईंनीच पदर खोचला आणि घमेलं मागवलं. त्या दिवसापासून अख्खी वाडी गाळ उपसायला उतरली.

पाऊस सरला तरी व्हाळ वाहत राहिला. हळूहळू तळाचे गोटे दिसू लागले, बारीक मासळी फिरू लागली. डॉक्टरांनीही मान डोलावली. सांगते, ऊर अभिमानाने भरून आला. आमचा व्हाळ, आमच्या हातांनी!

सुमाकाकीला आम्ही खुर्चीतून खाली आणून दगडावर टेकवलं, मी मागून धरून बसले. पाय पाण्यात जाताच मासे जमले. काकी लहान पोरीसारखी हसली. "गुदगुल्यो होतत गो!" मग काठावरच्या नवऱ्याला म्हणाली, "तुमीव येवा. बसा हयसर."

काका जागचे हलेनात. डोळे पुसत म्हणाले, "माजे पाय चिखलाचे आसत गो. पाणी खराब होयत."

आणि तसेच वर चढून विहिरीवर गेले. कळशी ओढली, टाचा घासून घासून पाय धुतले, पंचाने पुसले. मग चपला घालून खाली आले, त्या काठावर काढल्या आणि काकीला टेकून बसले.