तिकिटावरची आत्या

पैसे भरले की टपाल खातं आपल्या माणसाचा फोटो तिकिटावर छापून देतं, हे जयराजला कळलं आणि फलटणजवळच्या त्या गावात रंगूआत्याचं तिकीट निघालं. आत्या लष्करात नर्स होती. एकाहत्तरच्या लढाईत पेटलेल्या वॉर्डातून तिनं जखमी जवान पाठीवर बाहेर काढले होते. जयराजला पंचायत समितीची उमेदवारी हवी होती, त्यामुळे यंदा तिचं शौर्य त्याला विशेष आठवत होतं. सत्काराला उमेदवारी ठरवणाऱ्या आमदारसाहेबांनी यावं म्हणून त्यानं निरोपावर निरोप धाडले. उत्तर आलं नाही.

शेवटी त्यानं तिकिटाचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला, खाली जोडलेले हात. तिकिटावर गेलेलीच माणसं असतात, अशी जतच्या नानासोंची पक्की समजूत. त्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग साऱ्या भावकीनं लिहिलं. आत्याही त्याच ग्रुपवर होती. तिनं 'आभारी आहे' लिहिलं. त्याखाली आणखी श्रद्धांजल्या आल्या.

"आवं, खुलासा करा की!" जयराजची बायको रेश्मा ओरडली. "जित्या माणसाला मारलंय समद्यांनी!"

"करतोच," म्हणत त्यानं मोबाईल उचलला, तोच साहेबांचा फोन.

"जयराज, लय वाईट झालं गड्या. उद्या सकाळी येतोय."

"या की साहेब," जयराजच्या तोंडून निघून गेलं.

"आवं, पन आत्या..."

"येऊ तर देत. आल्यावर सांगू."

सकाळी साहेब पुष्पचक्र घेऊन आले. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भावकी पिठलं-भाकरीचे डबे घेऊन आली. जयराज तोंड उघडणार, तोच साहेबांनी मौन जाहीर केलं. माना खाली गेल्या, डोळे मिटले. आत्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगळे उभे दिसताच तिनं ट्रे कट्ट्यावर ठेवला आणि टाचा जुळवून सावधानमध्ये उभी राहिली.

साहेबांनी डोळे उघडले, ते थेट तिच्यासमोर.

"बसा, च्या घ्या," आत्या म्हणाली. "मला काल मोबाईलवरच कळलं."

नानासोंनी डबा पाठीमागं नेला. साहेबांनी जयराजकडं बघितलं. जयराजनं फरशीकडं.

"आत्या, चुकलं माझं."

"मी आभार लिवलं, ते वाचलंस न्हवं?"

"व्हय."

"आन तरी गप ऱ्हायलास?"

साहेब चक्र परत गाडीकडं न्यायला निघाले, तेव्हा आत्यानं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, भरल्या अंगणावर एकवार नजर फिरवली आणि ते जयराजच्या हातात दिलं.

"आत ठिव रं. खऱ्या येळंला ह्यातलं कोन यील, काय सांगावं."