दर दोन तासांनी

साल १९७९. बाळंतिणींच्या वॉर्डातली बावीस वर्षांची नर्सची नोकरी मी त्याच वर्षी सोडली. माझ्या हाताखाली एकही मूल उपाशी राहिलं नव्हतं, आणि हे मी विचारल्याशिवायही सांगत असे.

सून सात महिन्यांची गरोदर होती. तिनं माहेराहून आणलेली सशीण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात व्याली. चार पिल्लं, डोळे मिटलेली, सोललेल्या शेंगदाण्यासारखी. सशीण मात्र दिवसभर पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसलेली. असल्या आया मी वॉर्डात खूप सरळ केल्या होत्या. शिवाय सून सगळं पाहत होती. उद्या तिचं मूल माझ्याच हाती यायचं होतं.

"पण आई, पोटं तट्ट दिसतायत हो त्यांची," ती म्हणाली.

"वारा धरलाय," मी म्हटलं.

सशिणीची रवानगी न्हाणीघरात झाली. यजमान कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी तक्ता आखून दिला. वेळ, थेंब, सही. दर दोन तासांनी मी शाईच्या ड्रॉपरनं गाईचं कोमट दूध पाजू लागले. पिल्लं तोंड फिरवायची. वॉर्डातली मुलंही फिरवायची. मी गाल दाबून पाजायची.

दुसऱ्या दिवशी एकाच्या नाकात दूध गेलं आणि ते पिल्लू दगावलं. मी ठरवलं, अशक्तपणा, थेंब वाढवले. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी दोन गेली. यजमानांनी त्यांच्या रकान्यांत बारीक रेघ मारली. सून उठली आणि गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली.

डॉक्टर म्हणाले, "सशीण दिवसातून एखाद-दोनदाच पाजते, तेही पाच मिनिटं. बाकी वेळ मुद्दाम लांब बसते. शत्रूला घरटं सापडू नये म्हणून."

"आमच्या स्वयंपाकघरात कसला आलाय शत्रू?" मी विचारलं.

डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

उरलेलं एक पिल्लू सुनेनं आईजवळ नेऊन ठेवलं. ते जगलं, सहा वर्षं, आणि माझी चाहूल लागली की कपाटाखाली जाई. डॉक्टर पुढे बदलून गेले. यजमान गेले तेव्हा त्यांच्या कागदांत तो तक्ता निघाला, घडी न मोडलेला. सून बाळंत झाली तेव्हा मी नवा तक्ता घेऊन गेले होते. "तुम्ही बसा हं आई," असं गोड बोलून तिनं खोलीचं दार आतून लावून घेतलं. तीन पिल्लांपुढे मी काय बोलणार?

ती नात आता पंचेचाळिशीची आहे आणि मी अंथरुणाला खिळलेली. माझं खाणंपिणं तीच बघते. दर दोन तासांनी पेज, चमच्यानं. पोट भरलंय म्हटलं, तोंड फिरवलं, तरी ऐकत नाही.

"वारा धरला असेल, आजी," म्हणते, आणि गाल दाबते.