परबकाकांची झडती

परबकाका कोणालाही आपल्या पाया पडू देत नाहीत. वाकलेला माणूस उठताना काय उचलून उठेल याचा नेम नसतो, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे चाळीतलं एखादं नवं जोडपं नमस्काराला आलं, की काका दोन पावलं मागे सरतात, शर्टाच्या खिशावर हात ठेवतात आणि लांबूनच म्हणतात, "सुखी राहा. हात दिसतील असे ठेवा."

यात त्यांचा दोष निम्माच आहे. काकांनी उमेदीची पंचवीस वर्षं गिरणीच्या गेटवर झडती घेण्यात घालवली. पाळी सुटली की कामगार हात वर करून रांगेत उभे राहायचे आणि काका कोणाच्या कमरेला कापड गुंडाळलंय का, कोणाच्या डब्यात सूत आहे का, ते चाचपून बघायचे. पुढे गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, तरी काकांची ड्युटी काही सुटली नाही. आता ते अख्ख्या डिलाईल रोडची झडती घेतात. कलिंगडवाल्याने कलिंगड थोपटून दाखवलं, तर काकांचं ठरलेलं वाक्य येतं, "आवाज नको. माल दाखव." चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेत बिल्डरचा माणूस तासभर स्विमिंग पुलाबद्दल बोलला, तेव्हाही मागच्या खुर्चीवरून तेवढंच ऐकू आलं, "आवाज नको. माल दाखवा." त्या दिवशी मात्र टाळ्या पडल्या.

आमची खोली चौदा नंबरची, त्यांची पंधरा. मधली भिंत जुन्या लाकडी फळ्यांची, म्हणजे इकडे कांदा चिरला की तिकडे डोळ्यांत पाणी. इकडे मी आणि आई. तिकडे सुलूकाकी गेल्यापासून काका एकटेच.

आईला दम्याचा त्रास आहे. सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात, दोन वेळा तिला पंपाचे दोन-दोन फवारे घ्यावे लागतात. फवारा थेट तोंडात मारला तर निम्मा जिभेवर बसतो, म्हणून डॉक्टरांनी मध्ये लावायला एक फुगीर प्लॅस्टिकची नळी दिली आहे. आई तिला 'दुधी' म्हणते. दुधीच्या एका टोकाला पंप लावायचा, दाबायचा, दुसऱ्या टोकाने सावकाश श्वास आत ओढायचा आणि दहा आकडे होईपर्यंत रोखून धरायचा. आकडे मी मोजते. मी पालिकेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात हे खातं माझ्याकडे आहे.

एका संध्याकाळी गॅसवर दूध होतं. आईने श्वास रोखला होता, दूध वर येत होतं आणि मी मोजत होते. "पाच, सहा, आठ, नऊ, दहा."

"सात खंय?" भिंत म्हणाली.

आईला हसू फुटलं, रोखलेला श्वास सुटला आणि दूध उतू गेलं. भिंतीला कान असतात हे मी ऐकून होते. आमच्या भिंतीला तोंडही आहे हे त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून मी सावध झाले. पुढच्याच आठवड्यात आईचा नवा पंप उघडला आणि रिकामं खोकं जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. अर्ध्या तासाने खाली उतरते तो काय, काका तेच खोकं हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांजवळ धरून वाचताहेत! मला बघून त्यांनी ते घाईघाईने सदऱ्यात सारलं. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या सदऱ्यातला माल बाहेर काढला, तोच आमचा कचरा सदऱ्यात घालत होता.

माझ्या डोक्यात लगेच चक्रं फिरली. खोलीची भाडेपावती आईच्या नावावर. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या व्हायच्या बाकी. आणि काकांचा एक पुतण्या डोंबिवलीत भाड्याच्या घरात. मला स्वच्छ दिसायला लागलं, हा माणूस आईचे दिवस मोजतो आहे.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "भावोजी तसे नाहीत. एवढंच आहे, की ते कोणावर विश्वास ठेवत नाहीत."

"मग मी तरी त्यांच्यावर का ठेवू?" मी म्हणाले. फळीतल्या एका मोठ्या फटीत मी त्याच दिवशी कापसाचा बोळा कोंबला. दुसऱ्या दिवशी तो आमच्याच बाजूला जमिनीवर पडलेला होता. पलीकडून कोणीतरी काडीने ढकलला असणार, यात मला शंका उरली नाही.

दोनेक महिन्यांनी आईचं बिनसलं. आधी गॅलरीतून घरात येताना दम लागायला लागला, मग पोळपाटाशी बसल्या बसल्या. मी समोरच्या बांधकामाच्या धुळीला शिव्या घातल्या, आई नीट ओढत नाही म्हणून तिच्यावर चिडले. शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि विचारलं, "पंप संपलेला नाही ना?"

"नाही, आवाज येतोय," मी ठासून सांगितलं.

"आणि हलवला की आत खळखळतंय," आई म्हणाली.

आमच्या पंपाला आकडे दाखवणारी खिडकी नव्हती, त्यामुळे आवाज हाच आमचा पुरावा. डॉक्टरांनी मात्रा वाढवली, दोनाचे तीन फवारे केले, आणि चार दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आईला वाक्य पुरं करता येईना. 'पाणी' म्हणायला ती दोनदा थांबली. साडेसातला मी दुधी लावली, एक फवारा, दुसरा, तिसरा. तेवढ्यात भिंतीवर धाडधाड थापा पडल्या.

"थांब गो! पुरे! माल दाखव!"

पाठोपाठ काका दारात हजर. अंगात बनियन, हातात वही. "पंप दाखव माका."

माझा तोल सुटला. "बाईमाणसांच्या घराला कान लावून बसता, लाज नाही वाटत? आई मरायची वाट बघताय का?"

काकांनी काय करावं? त्यांनी दोन्ही हात वर केले. गेटवर हजारो माणसांना करायला लावले असतील, तसे. एका हातात वही तशीच होती.

"माजी झडती मगे घे," ते म्हणाले. "आदी ह्या वाच."

वहीत तारखा होत्या आणि रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी, अशा पाचपाचच्या जुड्या. पहिल्या दिवशी सुरुवातीलाच चार रेघा वेगळ्या काढलेल्या. नवा पंप हवेत चार वेळा मारून बघतात, त्या. लागोपाठ चार फुस् आणि मध्ये मोजणी नाही, यावरून काकांनी नवा पंप ओळखला होता. पुढे रोजच्या चार. दोनशेपाशी लाल रेघ मारलेली, आणि शेजारी आमच्या कचऱ्यातल्या खोक्याचा तुकडा चिकटवलेला. त्याच्यावरही दोनशेचाच आकडा. लाल रेघेला सोळा दिवस होऊन गेले होते. तिच्याखाली बहात्तर रेघा होत्या.

"ह्ये बहात्तर नुसते आवाज," काका म्हणाले. "औषद संपला तरी वारा उरता आत. शून्याचे तीन केलेस म्हणान काय वाढतला?"

गणिताची बाई मी. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

"सोळा दिवस बोलला का नाहीत?" मी कसंबसं विचारलं.

काकांनी हात खाली घेतले. "वाटला, कान म्हातारे झाले, नव्या पंपाचे चार फुस् माजेच चुकले. आणि येवन सांगू तरी कसा? भितीक कान लावतंय म्हणान तू हाकललं असतंस."

मी केमिस्टकडे पळाले. परत आले तेव्हा काका उंबऱ्यावर बसून, डोळे आईच्या छातीवर ठेवून तिचे श्वास मोजत होते. नवा पंप चार वेळा हवेत मारला. मग आईने श्वास रोखला, आणि काकांनी मोजलं. त्यांचा सात चांगला लांबलचक होता.

डॉक्टरांना रात्रीच दाखवलं, इंजेक्शनची वेळ आली नाही. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी तीनाचे परत दोन केले. "पण मोजले कोणी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी." काकांची मी नंतर माफी मागितली. ते म्हणाले, "आवाज नको," आणि दार लावून घेतलं.

गणपतीत आई आणि मी मामाकडे कुडाळला गेलो, आणि आई महिनाभर तिथेच राहिली. मी सुट्टी संपवून एकटी परत आले. चाळ ओस पडली होती. काका तेवढे इथेच. भाऊबंद गणपतीच्या निमित्ताने बोलावतात आणि जमिनीच्या कागदावर सही घेतात, असा त्यांना तीस वर्षांचा संशय आहे.

मामीने दिलेल्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी एक मोडून आतलं सारण तपासलं आणि मग खाल्ली. खोलीत एकच खुर्ची होती, ती आमच्या भिंतीला अगदी खेटून. खुर्चीवर वही उघडी होती. आईला जाऊन बारा दिवस झाले होते आणि वहीत बारा दिवसांच्या रेघा होत्या. रोजच्या चार.

"काका, आई इथे नाही. मग ह्या रेघा?"

"थंय दहा आकडे कोण मोजता?"

"मामी."

"खरे मोजता?"

"हो."

"मग घेतच असतली वहिनी," ते म्हणाले.

"आवाज नाही, माल नाही, तरी लिहिलंत? तुम्ही?"

काकांनी वही मिटून हातात घेतली. "सुलू गेल्यापासना ह्या भितीपलीकडना तेवढोच आवाज येता माका. साडेसात वाजले की दुसरा काय करू मी, गो?"

या माणसाच्या फटीत मी बोळा कोंबला होता. घड्याळात साडेसातला दोन मिनिटं कमी होती. मी माझ्या खोलीत गेले, भिंतीजवळ बसले आणि मोठ्याने दोनदा दहापर्यंत मोजलं, सातसकट. पलीकडे पेन्सिलीचा आवाज झाला, दोनदा.