खासनिसांचा घुमट

फुजैरात दरवर्षी एक गणपती फ्लोरेन्समध्ये बसायचा. खासनिसांच्या घरचा.

नव्वदच्या दशकात आखातातल्या आमच्या त्या बंदराच्या गावात मराठी घरं अगदी मोजकी होती. बाकीच्यांचे गणपती कैलासावर नाहीतर मखमली पडद्यापुढे बसत. खासनीस मात्र एसीच्या खोक्यांतला थर्माकोल वर्षभर पलंगाखाली साठवायचे आणि त्यातून इटलीतल्या त्या एकाच शहराची एकेक इमारत उभी करायचे. एका वर्षी अनाथालयाच्या कमानी झाल्या, एका वर्षी सोनारांच्या दुकानांनी भरलेला जुना पूल. पुलावर उंदीर आणि पुलाखाली नैवेद्याचं ताट.

ज्या वर्षी मोठ्या चर्चचा घुमट झाला, त्या वर्षी पूजा सांगायला आलेले जोशी (एरवी अकाउंटंट) दारातच थबकले. "अहो, चर्चमध्ये गणपती?"

"घुमट आहे तो," खासनीस म्हणाले. "घुमटाला धर्म नसतो जोशीबुवा, वजन असतं. बसा."

आमची कंपनी बंदरावर धक्के आणि तेलाच्या टाक्यांचे पाये बांधायची. मी प्रोजेक्ट मॅनेजर, खासनीस माझ्या हाताखाली सेंटरिंग बघणारे इंजिनियर. काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरून ठेवणाऱ्या फळ्या आणि टेकू, हा त्यांचा दिवसभराचा संसार. अशा माणसाला नेमकं टेकूंशिवाय चढवलेल्या घुमटाचं वेड लागावं!

"सेंटरिंग न लावता, साहेब!" हे वाक्य मी साइटवर, गाडीत, आणि एकदा तर एका अंत्ययात्रेतही ऐकलं आहे. "एवढा मोठा घुमट, आणि खालून टेकू नाही. विटाच अशा तिरप्या गुंफल्या की प्रत्येक वीट शेजारणीला धरून बसलीय. आणि बांधणारा कोण? सोनार! इथे आपण डिग्र्या घेऊन चार बोटांच्या स्लॅबखाली जंगल उभं करतो."

आमचा पठाण फोरमन त्यांना 'इटली साब' म्हणायचा. "इटली साब, यल्ला, चलो, काँक्रीट आ गया!" अशी हाक आली की खासनीस पंधराव्या शतकातून धावत बाहेर यायचे. शुक्रवारच्या सुट्टीत समुद्राकाठच्या कॉर्निशवर फिरताना त्यांनी "समजा ही नदी..." म्हणून समुद्राकडे हात केला की माझी मुलगी कपाळाला हात लावायची. "अंकल, प्लीज, नॉट अगेन!"

सुधावहिनींचा त्यावरचा तोडगा वेगळा होता. त्या साताऱ्याला चित्रकला शिकवायच्या, नोकरी सोडून इथे आल्या होत्या. "माझी सवत आहे ती इटलीत," त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या. "चांगली भरदार आहे. पण भेटायला जाल तर मला घेऊनच जायचं. दोन भिंतींच्या मधून जिना आहे म्हणे वर जायला. मी पुढे चढणार, तुम्ही मागे."

"मागे तर मागे," खासनीस म्हणायचे. "जिना अरुंद आहे, तसंही शेजारी शेजारी जमणार नाही."

पण दर सुट्टीला तिकीट भारताचंच निघायचं. कधी आईचा मोतीबिंदू, कधी भाचीचं लग्न, कधी प्लॉटचं कुंपण. अखेर एका वर्षी घरचं कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं. खासनीस रजेचा अर्ज घेऊन माझ्या केबिनमध्ये आले. नवा शर्ट घातला होता. पासपोर्ट तेव्हा कंपनीच्या तिजोरीत असायचे, आणि इटलीच्या व्हिसाला कंपनीचं ना-हरकत पत्र लागायचं. दोन्हींवर माझी सही.

टर्मिनलचं मोठं काम तोंडावर होतं. मी म्हणालो, "खासनीस, पुढच्या वर्षी जा. पाचशे-सहाशे वर्षं उभाय ना तो? एका वर्षात काय पडतोय?"

ते हसले. "तेही खरंच, साहेब." आणि अर्ज घडी करून खिशात ठेवला.

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही: त्या कामाला दुसरा माणूस होता. चांगला होता. खासनीस साइटवर असले की मला घरी निवांत जेवता यायचं, इतकंच.

त्या हिवाळ्यात वहिनींना अर्धांगाचा झटका आला. त्या वाचल्या, बोलायलाही लागल्या, पण डावा पाय ओढावा लागायचा. हातात काठी आली. त्या घुमटाला लिफ्ट नाही, हे खासनिसांमुळे आमच्या साऱ्या कॉलनीला पाठ होतं.

पुढच्या वर्षी रजेचं मीच काढलं. पासपोर्ट मीच आणून दिले, दुबईच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. व्हीलचेअर ढकलताना खासनीस एकसारखे आभार मानत होते. मला ते ऐकवेनात.

परतल्यावर आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. त्या दिवशी खासनिसांना कुणी अडवलं नाही. "हिनंच मला ढकललं वर. म्हणाली, मी बाकावर बसते, तुम्ही जाऊन या." मग त्यांनी सगळं सांगितलं. दोन भिंतींमधला तो जिना कसा घुमटाबरोबर वाकत जातो, भिंतीला हात लावला की विटा कशा गार लागतात, भोकांएवढ्या खिडक्या, आणि वर पोचल्यावर खाली लाल कौलंच कौलं. माझी मुलगीसुद्धा ऐकत होती. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं. चला, मी म्हटलं, निदान त्यांचं तरी झालं.

पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी तिथे खुर्चीवर बसून एका हाताने कोथिंबीर निवडत होत्या.

"छान झाली ट्रिप," मी म्हणालो.

त्यांनी बाहेरचा आवाज जरा ऐकला. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, वर गेलेच नाहीत ते."

मी हातातला जग ओट्यावर ठेवला.

"रांगेत उभे राहिले, मला हात केला, आणि दारापाशी जाऊन मागे फिरले. त्यांना वाटलं मला दिसत नाही. कोपऱ्यावर एक छत्र्यांचं दुकान होतं, त्याच्या आडोशाला उभे होते. घुमटाकडे पाठ करून. बराच वेळ. मग घाम पुसत आले आणि मला सगळं सांगितलं, आत्ता सांगतायत तसंच."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी म्हटलं, बरं झालं गेलात. नाहीतर मी अडवलं असं माझ्या मनात राहिलं असतं ना, म्हणून तर केलं त्यांनी." एक काडी बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "तुम्हीही काही बोलू नका. जा, विचारा त्यांना काहीतरी. तुम्ही विचारलंत की त्यांना बरं वाटतं."

मी पाण्याचा जग घेऊन बाहेर आलो. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या घुमटाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. समोर बसलो.

"खासनीस, वर पोचल्यावर पहिल्यांदा काय वाटलं हो?"

त्यांनी माझ्याकडे नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"वारा, साहेब," ते म्हणाले. "वर वारा फार आहे. ही आली असती तर हिला शाल लागली असती."